चिकटलं की जोडलं? काचेवर प्रथिन बांधायचा पहिला प्रयोग

नागपूरच्या धंतोलीतल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात साखर तपासायच्या पट्ट्यांची डबी मिळते. घरातले आजोबा सकाळी बोट टोचतात, थेंब पट्टीला लावतात आणि आकडा पाहून चहात साखर घालायची की नाही ते ठरवतात. त्या पट्टीच्या टोकावर एक एन्झाइम बसवलेलं असतं. एन्झाइम इलेक्ट्रोडवर बसवून साखर मोजायची कल्पना क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडली होती. बायपासच्या वेळी रक्त ज्या नळ्यांतून फिरतं, त्यांना आतून काही वेळा हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, बांधलेलं असतं. हाडात बसवायच्या टायटॅनियमवर पेशींना धरून ठेवणारे छोटे पेप्टाइड बांधायचं संशोधन कित्येक वर्षं चालू आहे. या सगळ्यांमागचं काम एकच आहे. शरीराला ओळखू येणारा रेणू निर्जीव पृष्ठभागावर असा बसवायचा, की तो टिकला पाहिजे आणि कामही करत राहिला पाहिजे.

हे काम पहिल्यांदा हातात घेणाऱ्या एमएस्सी, एमटेक, एमफार्मच्या मुलामुलींसाठी मी हे लिहिते आहे. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत मी हेच करते आणि नव्या मुलांना शिकवते. दर वर्षी एक गोष्ट पुन्हा सांगावी लागते: प्रथिन कशालाही चिकटतं. काचेला, प्लास्टिकला, धातूला, पिपेटच्या टोकालासुद्धा. म्हणून "माझ्या काचेवर प्रथिन आहे" एवढं दाखवून काहीच सिद्ध होत नाही. ते नुसतं चिकटलंय की रासायनिक बंधाने जोडलंय, हे दाखवता आलं पाहिजे.

आधी ठरवा, जोड किती पक्की हवी

चिकटणं वाईटच असतं असं मात्र नाही. सिकलसेल हे विदर्भाचं जुनं दुखणं. त्याच्या झटपट तपासणीच्या काही पट्ट्यांमध्ये नायट्रोसेल्युलोजवर अँटिबॉडीची रेघ नुसती सुकवलेली असते. पट्टी एकदा वापरायची, काही मिनिटांत निकाल वाचायचा आणि टाकून द्यायची. तिथे पक्क्या बंधाची गरजच पडत नाही. एंगवाल आणि पेर्लमान यांनी १९७१ मध्ये दिलेली एलायझा ही अँटिबॉडी आणि एन्झाइमच्या रंगाने मोजायची पद्धतही आजवर मुख्यतः चिकटण्यावरच चालते. पीएच ९.६ चा कार्बोनेट बफर घ्यायचा, त्यात अँटिबॉडी घालायची, प्लेट रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायची, झालं.

रक्तात गेल्यावर गणित बदलतं. तिथे शेकडो प्रथिनं जागेसाठी झुंजत असतात. आधी येऊन बसलेल्याला नंतर येणारं, जास्त घट्ट धरणारं प्रथिन उठवून लावतं. लिओ व्रोमन या शास्त्रज्ञाच्या नावावरून याला व्रोमन परिणाम म्हणतात. तुमचं नुसतं चिकटलेलं औषध अशा गर्दीत टिकेल याची काही खात्री नाही. तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहून ठेवा: वस्तू कशाच्या संपर्कात राहणार, किती वेळ राहणार आणि रेणूचं नेमकं काम काय. मिनिटांचा मामला असेल तर चिकटवणं पुरतं. दिवस आणि महिने टिकवायचं असेल तर बंध हवा.

पहिल्या प्रयोगासाठी मी काचेची कव्हरस्लिप आणि हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज हे एन्झाइम घ्यायला सांगते. काच स्वस्त आहे, सपाट आहे आणि तिच्यावर हायड्रॉक्सिल गट तयारच असतात. एन्झाइम अगदी थोडं असलं तरी रंग देतं. हा रंग किती मोलाचा आहे ते मोजमापाच्या वेळी कळेल.

साखळी अशी: काचेचे हायड्रॉक्सिल, त्यावर अमिनोसिलेन (काचेला धरणारा, अमिनो गट असलेला रेणू), त्यावर ग्लूटराल्डिहाइड (दोन्ही टोकांनी पकडणारा दुवा) आणि त्याच्या मोकळ्या टोकाला एन्झाइमवरच्या लायसिन या अमिनो ॲसिडचा अमिनो गट. चार कड्या आहेत. एक जरी कच्ची राहिली तरी पुढचं सगळं सैल.

काच धुणं

आमच्या प्रयोगशाळेतले काका नव्या मुलाच्या हातात कव्हरस्लिप दिसली की विचारतात, "काच धुतली, का नुस्ती ओली केली?" या प्रश्नाचं उत्तर पाण्याने द्यायचं असतं. धुतलेल्या काचेवर डिस्टिल्ड पाणी सोडा आणि काच तिरपी धरा. पाण्याचा एकसंध पडदा पसरला तर काच स्वच्छ. पाणी थेंबाथेंबाने गोळा झालं किंवा मध्येच फाटलं, तर चरबी अजून बसलेली आहे. संपर्ककोन मोजायचं यंत्र असेल तर स्वच्छ काचेवर कोन १० अंशांच्या खाली येतो. यंत्र नसेल तरी ही पडद्याची खूण पहिल्या प्रयोगाला पुरेशी आहे.

धुण्याचा क्रम असा ठेवा. आधी डिटर्जंटच्या पाण्यात दहा मिनिटं अल्ट्रासॉनिक बाथमध्ये. मग भरपूर डिस्टिल्ड पाणी, मग इथेनॉल. नंतर १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये अर्धा तास, पुन्हा भरपूर पाणी आणि शेवटी ओव्हनमध्ये सुकवणं. नळाचं पाणी शेवटच्या धुण्याला वापरू नका, सुकताना त्यातले क्षार काचेवर बसतात. जुन्या प्रबंधांत सल्फ्युरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण वापरलेलं दिसेल. काच त्याने उत्तम साफ होते हे खरं, पण ॲसिटोनचा किंवा इतर सेंद्रिय द्रावकाचा अंश त्यात गेला तर स्फोट होतो. नवख्या हाताने एकट्याने ते कधीच करू नये.

धुतलेली काच त्याच दिवशी वापरा. एका रात्रीत हवेतली घाण तिच्यावर बसते. काच चिमट्याने काठावरच धरायची आणि आपण कुठल्या बाजूवर काम करतोय ते लक्षात राहावं म्हणून कोपऱ्यावर हिरकणीच्या पेनाने छोटी खूण करून ठेवायची.

सिलेन, आणि नागपूरची हवा

इथे थोडं थांबू. सगळ्यात जास्त प्रयोग याच पायरीवर फसतात.

वापरायचा रेणू म्हणजे अमिनोप्रोपिलट्रायइथॉक्सिसिलेन. प्रयोगशाळेत सगळे त्याला एपीटीईएस म्हणतात. त्याच्या एका टोकाला तीन इथॉक्सी गट, दुसऱ्या टोकाला एक अमिनो गट. पाणी मिळालं की इथॉक्सी गट सुटतात, त्यांच्या जागी सिलॅनॉल येतात आणि ते काचेच्या हायड्रॉक्सिलशी जुळतात. म्हणजे पाणी हवंच. पण ते जास्त झालं तर सिलेनचे रेणू काचेपर्यंत पोचायच्या आधीच एकमेकांना धरतात. द्रावणातच गोळे होतात आणि ते काचेवर ढिसाळ थरासारखे बसतात. नीट बसलेला एकेरी थर एक नॅनोमीटरपेक्षाही पातळ असतो, डोळ्यांना दिसतच नाही. तुम्हाला काचेवर दुधाळ झाक दिसली, तर समजा थर चुकला.

मी नवीन असताना मे महिन्यात लागोपाठ तीन वेळा माझ्या काचा दुधाळ झाल्या. मला काही कळेना. नागपुरात मेच्या दुपारी बाहेर ४५ अंशांच्या आसपास ऊन असतं, हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. ओलावा येणार कुठून? चौथ्या वेळी लक्षात आलं. खिडकीतला कूलर थेट माझ्या टेबलावर वारा सोडत होता. ओल्या गवताच्या ताट्यांतून गाळून आलेली ती हवा आपल्या अंगाला गार लागते, पण सिलेनच्या उघड्या बाटलीसाठी ती पावसाळाच असते. कूलर बंद करून, घाम पुसत पुसत पाचव्यांदा केलं आणि काच आरशासारखी निघाली. तेव्हापासून टेबलावर एक साधा आर्द्रतामापक ठेवते आणि प्रत्येक प्रयोगाच्या वर तारखेसोबत आर्द्रता लिहिते. तुम्हीही लिहा. जुलै-ऑगस्टमध्ये दारं-खिडक्या बंद ठेवल्या तरी आकडा चढलेला असतो. त्या दिवसांत बाटली नायट्रोजनखाली किंवा निदान सिलिका जेलच्या डेसिकेटरजवळच उघडा.

कृती: कोरड्या टोल्यूइनमध्ये २ टक्के एपीटीईएस बनवा आणि काच त्यात अर्धा ते एक तास ठेवा. हे सगळं फ्यूम हूडमध्ये, नायट्राइल हातमोजे आणि चष्मा घालूनच. मग टोल्यूइन, इथेनॉल, पाणी या क्रमाने धुवा, म्हणजे सैल सिलेन निघून जाईल. शेवटी ११० अंशांवर अर्धा तास ओव्हनमध्ये ठेवा, त्याने बंध पक्के होतात. टोल्यूइन नको असेल तर ९५ टक्के इथेनॉलही चालतं, फक्त वेळ कमी ठेवा. टाकाऊ द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही. वेगळ्या बाटलीत भरून चिठ्ठी लावायची.

एक मर्यादाही माहीत असू द्या. एपीटीईएसचा अमिनो गट वाकून स्वतःच्याच बंधाकडे पोचतो आणि तो पाण्यात तुटायला मदत करतो. त्यामुळे कोमट पाण्यात हा थर हळूहळू सुटतो, आणि शरीराचं तापमान ३७ अंश असतं. शिकायला हा थर उत्तम आहे. खऱ्या उपकरणासाठी निवडताना मात्र त्याची परीक्षा घ्यावी लागते.

दुवा आणि एन्झाइम

ग्लूटराल्डिहाइडच्या दोन्ही टोकांना आल्डिहाइड असतात. एक टोक काचेवरचा अमिनो गट पकडतं, दुसरं प्रथिनासाठी मोकळं राहतं. बाजारात २५ टक्के द्रावण मिळतं. ते पीएच ७.४ च्या फॉस्फेट बफरमध्ये दहापट पातळ करा आणि काच तासभर त्यात ठेवा. बाटली जुनी असेल तर आतले रेणू आपसात साखळ्या करतात आणि निकाल दर वेळी वेगळा येतो, म्हणून छोटी बाटली घ्या आणि फ्रिजमध्ये ठेवा. त्याची वाफ डोळ्यांना आणि फुप्फुसांना जाचक असते. हे कामही हूडमध्येच. नंतर बफरने तीनदा नीट धुवा. राहिलेलं ग्लूटराल्डिहाइड पुढे एन्झाइमलाच एकमेकांशी चिकटवून टाकेल.

मग एन्झाइम. बफरमध्ये मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम घ्या आणि काच बुडेल एवढ्या द्रावणात रात्रभर ४ अंशांवर ठेवा. या पायरीला दोन गोष्टी आडव्या येतात. एक, ट्रिस किंवा ग्लायसिनचा बफर. दोन्हींत अमिनो गट आहेत, ते आधी जाऊन सगळी मोकळी टोकं बळकावतात. दुसरी, सोडियम ॲझाइड. बफर सडू नये म्हणून अनेक बाटल्यांत ते घातलेलं असतं आणि पेरॉक्सिडेजचं काम ते बंद पाडतं. बाटलीवरची चिठ्ठी वाचूनच बफर उचला.

या एन्झाइमच्या अंगावर लायसिन फारशा नसतात, रंग मंद आला तरी निराश होऊ नका. सरावासाठी बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन घेतलं तर त्यावर सुमारे ६० लायसिन असतात. जोडणी सोपी जाते, पण ते स्वतःहून रंग देत नाही.

सकाळी काच काढली की उरलेले मोकळे आल्डिहाइड बंद करा. ०.१ मोलर ग्लायसिनमध्ये अर्धा तास पुरे. काल ज्याला दूर ठेवलं तेच ग्लायसिन आज कामाला येतं.

धुणं पुन्हा, आणि चार काचा

धुण्याच्या तीन फेऱ्या करा. पहिली ०.०५ टक्के ट्वीन-२० (साबणासारखं सौम्य द्रव्य) घातलेल्या फॉस्फेट बफरची, दुसरी १ मोलर मीठ घातलेल्या बफरची, तिसरी साध्या बफरची. प्रत्येक फेरीत हलक्या हलवण्यासह निदान दहा मिनिटं. ट्वीन चरबीसारख्या आकर्षणाने धरलेलं प्रथिन सोडवतं. मीठ विजेच्या भाराने धरलेलं सोडवतं, आणि अमिनोसिलेनची काच धन भाराची असल्यामुळे अल्ब्युमिनसारखी ऋण भाराची प्रथिनं तिला अशीच धरून बसतात. हे दोन्ही गेल्यावर जे उरेल, त्याचीच चर्चा करायची.

एकाच काचेवर प्रयोग कधीही करू नका. चार प्रकार लागतात आणि प्रत्येकाच्या तीन काचा. पहिली साधी धुतलेली काच, थेट एन्झाइममध्ये. दुसरी सिलेन लावलेली, पण ग्लूटराल्डिहाइड न लावता एन्झाइममध्ये. तिसरी सिलेन आणि ग्लूटराल्डिहाइड दोन्ही लावलेली, पण एन्झाइमऐवजी नुसत्या बफरमध्ये. चौथी पूर्ण साखळीची. सगळ्यांना एन्झाइमचा आणि धुण्याचा वेळ अगदी सारखा. चौथीचा रंग पहिल्या दोघींपेक्षा ठळकपणे जास्त आणि तिसरी रंगहीन, तरच तुम्ही जोडणीबद्दल तोंड उघडू शकता. दुसरी आणि चौथी सारख्याच दिसल्या, तर तुमचं एन्झाइम फक्त चिकटलेलं आहे. हा निकाल आला तर तो जसाच्या तसा वहीत लिहा आणि धुणं वाढवून पुन्हा करा. चार काचांऐवजी एकच काच घेऊन महिनाभर फिरलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या कष्टांचं मला फार वाईट वाटतं.

मोजायचं कसं

नवी मुलं इथे बीसीए चाचणी, म्हणजे एकूण प्रथिन रंगाने मोजायची नेहमीची चाचणी, करायला धावतात. आधी कागदावर हिशेब करा. २२ गुणिले २२ मिलिमीटरच्या कव्हरस्लिपचं क्षेत्रफळ दोन्ही बाजू धरून सुमारे ९.७ चौरस सेंटिमीटर. प्रथिनाचा एकेरी थर साधारणपणे चौरस सेंटिमीटरला ०.१ ते ०.३ मायक्रोग्रॅम बसतो. म्हणजे अख्ख्या काचेवर एक ते तीन मायक्रोग्रॅम. साधी बीसीए चाचणी मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅमच्या वर भरवशाची असते, तिला हे दिसणारच नाही.

मग कुणीतरी सुचवतं, द्रावणात किती उरलं ते मोजून वजा करू. तोही हिशेब करून बघा. तुम्ही २ मिलिलिटर द्रावण घेतलंत तर त्यात १०० मायक्रोग्रॅम एन्झाइम होतं. त्यातलं दोन मायक्रोग्रॅम काचेवर गेलं, तर फरक दोन टक्क्यांचा. तुमच्या पिपेटची चूकच तेवढी असते. शिवाय भांड्याच्या भिंतीला चिकटलेलं प्रथिनही तुम्ही काचेच्या खात्यात टाकणार.

म्हणून एन्झाइमचा रंग. टीएमबी या रंग देणाऱ्या रसायनाचं तयार द्रावण घ्या. पेरॉक्सिडेज असेल तिथे ते निळं होतं. ठरलेल्या वेळेला द्रावण काढून त्यात ॲसिड घाला, ते पिवळं होईल, मग ४५० नॅनोमीटरला वाचा. एन्झाइमचा एकेक रेणू टीएमबीचे कितीतरी रेणू बदलतो, त्यामुळे नॅनोग्रॅममधलं एन्झाइमही दिसतं. फक्त रंग टाकण्याआधी काच नव्या, कोऱ्या प्लेटमध्ये हलवा. एन्झाइम रात्रभर ज्या खाचेत होतं तिच्या भिंतीलाही ते चिकटलेलं असतं आणि जुन्या खाचेत वाचलं तर भिंतीचाच रंग तुम्ही काचेचा म्हणून लिहाल. ही चूक इतकी साधी आणि इतकी नेहमीची आहे की मी ती प्लेटच्या झाकणावरच मार्करने लिहून ठेवते.

काचेपलीकडे

टायटॅनियमवर ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर आपोआप असतो, त्यामुळे सिलेनची हीच वाट तिथेही चालते. पॉलिथिलीनसारख्या प्लास्टिकवर धरायला काहीच गट नसतात. तिथे आधी प्लाझ्मा द्यावा लागतो किंवा पॉलिडोपामिनचा लेप. शिंपल्याच्या चिकटणाऱ्या प्रथिनांवरून सुचलेला हा लेप मेसरस्मिथ यांच्या गटाने २००७ मध्ये मांडला. मिलिलिटरला २ मिलिग्रॅम डोपामिन, १० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८.५. द्रावण गुलाबीसर, मग तपकिरी, मग काळं होतं आणि वस्तूवर लेप चढतो. लेपाच्या वेळी ट्रिस चालतं. प्रथिन जोडायच्या आधी ते धुऊन काढायचं.

रेणूवर किंवा पृष्ठभागावर कार्बॉक्सिल गट असतील तर ईडीसी आणि एनएचएस या दोन जोडणी-रसायनांची जोडी वापरतात. आधी पीएच ५.५ ते ६ च्या एमईएस बफरमध्ये पंधरा मिनिटं गट जागे करायचे, मग पीएच ७.४ ला प्रथिन द्यायचं. नागपूरकरांनी यात दोन ठिकाणी जपायचं. ईडीसी उणे २० अंशांवर राहतं आणि ओलावा ओढतं. पावसाळ्यात गार बाटली बाहेर काढून लगेच उघडली तर आत दंव धरतं, म्हणून बाटली खोलीच्या तापमानाला आल्यावरच झाकण काढा. आणि एनएचएसचा जागा झालेला गट पाण्यात मरत असतो. पीएच ७ आणि ० अंशाला त्याचं अर्धआयुष्य चार-पाच तास असतं, पीएच ८.६ आणि ४ अंशांना जेमतेम दहा मिनिटं. मेमध्ये गरम टेबलावर हे काम करायचं नाही, बर्फाची बादली जवळ घ्या.

जोड झाली तरी रेणू काम करेलच असं नाही. हेपॅरिनची गोष्ट बघा. गॉट आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये ग्राफाइटच्या थरावर ते बसवलं, पण ते विजेच्या भाराने धरलेलं होतं. पुढे लार्म आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये हेपॅरिनची साखळी फक्त एका टोकाने बांधली. अँटिथ्रॉम्बिन या रक्त गोठणं रोखणाऱ्या प्रथिनाला पकडणारा तिचा भाग त्यामुळे मोकळा राहिला. बैल एका दाव्याने खुंट्याला बांधला तर चरतो, चारही पाय जखडले तर जागीच पडतो, तसंच हे आहे. अँटिबॉडी बांधतानाही हाच विचार करा: तिची पकडणारी टोकं बाहेर आहेत का काचेत तोंड खुपसून बसली आहेत?

निर्जंतुकीकरण शेवटी सुचतं आणि तिथे सगळं कोसळतं. ऑटोक्लेव्हचे १२१ अंश बहुतेक प्रथिनांना मारतात. गॅमा किरणं, ज्यांची नेहमीची मात्रा २५ किलोग्रे असते, किंवा इथिलीन ऑक्साइड हे पर्याय आहेत, पण तुमचा रेणू ते सोसतो का हे आधी तपासावं लागतं. भारतात पुढे उपकरण बाजारात न्यायचं तर २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात आणि शरीराशी जुळतं का हे आयएसओ १०९९३ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचण्यांनी दाखवावं लागतं. नुसता पृष्ठभाग नाही, त्यात उरलेलं ग्लूटराल्डिहाइडही तिथे तपासलं जातं. म्हणून शिकतानाच धुण्याचं शेवटचं पाणी जपून ठेवायची सवय लावा.

आता शेवटची चाचणी. पूर्ण साखळीची काच ३७ अंशांवर ताज्या बफरमध्ये ठेवा. पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी तो बफर काढून त्यात टीएमबी घाला आणि काचेला नवा बफर द्या. शेजारी एका नळीत अतिशय पातळ मोकळं एन्झाइम त्याच तापमानाला ठेवा. सुटलेलं एन्झाइम उष्णतेने मेलं असेल तर बफर रंगहीन दिसून तुमची फसगत होते, ती या नळीमुळे कळते. सातव्या दिवशी नळी अजून रंग देते आहे, बफर कोरा आहे आणि काच निळी होते आहे, तर वहीत त्या काचेच्या क्रमांकापुढे "जोडलं" असं लिहा, आणि त्या दिवशीची आर्द्रताही.